तिसऱ्या मजल्यावरचे चार गिलास

फोनवर नईमचं नाव दिसलं म्हणजे मी 'हॅलो' म्हणत नसे. "काय मियाँ, आहात का अजून?" असं विचारायचो. पलीकडून तो म्हणायचा, "हाय ना. तुझ्या आधी जाऊन काय करू तिथं, वळखीचं कोन हाय?" वीसेक वर्षं आमची हीच रीत होती. त्या दिवशी सकाळी नांदेडात मी भाजी घेऊन घराकडं निघालो होतो. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन. नाव बघितलं आणि रस्त्यावरचे चार लोक वळून बघतील एवढ्या आवाजात विचारलं, "काय मियाँ, आहात का अजून?"  पलीकडून जरीनाभाभींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज आला. "भाईजान, मी बोलून राहिले... न्हाईत ओ. सकाळीच गेले." यावर मी काय म्हणालो असेन? "बरं," म्हणालो. "बरं, बरं." जणू गॅसची टाकी आल्याचं त्यांनी कळवलं होतं. घरी आलो आणि मेथी निवडायला बसलो. थोड्या वेळानं बायको समोर येऊन उभी राहिली. मी पानं कचऱ्यात टाकत होतो आणि काड्या भांड्यात. तिनं जुडी हातातून काढून घेतली आणि विचारलं, "कोण गेलं?"

आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या आणि त्या रंगवून सांगण्यावरच चार लोकांत माझी ओळख आहे. लग्नात दुसऱ्याच्याच वरातीत नाचलो, ते सांगतो. निवृत्तीच्या भाषणात साहेबांचं नाव विसरलो, ते तर दोनदा सांगतो. एक चूक मात्र मी कुठल्याही बैठकीत कधी काढली नाही. ती नईमच्या बाबतीतली आहे. तो गेला त्याला आता दीड-दोन महिने झाले. रविवारच्या पुरवणीसाठी त्याच्यावर काही लिहा असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी त्याच्या शिकवण्याबद्दल गोड गोड चार पानं लिहिली. वाचून बघितली. त्यात सगळं होतं, फक्त नईम नव्हता. ती फाडली आणि हे लिहायला बसलो.

आमची गाठ पडली नांदेडच्या कॉलेजात. मी बिलोलीचा, तो औशाचा. वसतिगृहात एक खोली, दोन खाटा आणि भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालेला मी. नईमच्या वडिलांचं औशात शिलाईचं दुकान होतं, त्यामुळं त्याचे कपडे नेहमी नीट बसलेले आणि माझे कायम दुसऱ्याचे घातल्यासारखे. कॉलेजात पायऱ्या-पायऱ्यांच्या बाकांचा एक मोठा हॉल होता. मागच्या बाकावर बसलं की पार खालचं प्रयोगाचं टेबल दिसायचं. तास नसला की नईम मला तिथं घेऊन जायचा. एकदा त्यानं छताच्या कडीला दोरी बांधून तिला लोखंडी गोळा लटकवला. गोळा नाकाला टेकवायचा, सोडायचा आणि जागचं हलायचं नाही. तो लांब जातो, परत येतो, पण नाकाला शिवत नाही. आधी त्यानं स्वतः करून दाखवलं. गोळा अंगावर येत होता आणि हा पापणी न लववता उभा. मग माझी पाळी. आता, सोडायचा म्हणजे नुसता सोडायचा. मी तो ढकलला. माझं नाक आजही थोडं डावीकडं आहे ते त्यामुळं. रुमाल माझ्या नाकाला दाबून धरत तो म्हणाला, "सोड म्हटलं होतं, ढकल न्हाई. तुझा भरोसाच न्हाई का वसंता कशावर?" मी म्हटलं, "शास्त्रावर हाय. दोरीवर न्हाई."

रक्त थांबेपर्यंत आम्ही सगळ्यात वरच्या बाकावर बसून राहिलो. तिथं त्यानं मला सांगितलं की त्याला नोकरी करायची नाही, असा एक हॉल काढायचा आहे. "वरच्या बाकावरच्या लेकराला पण खालचं टेबल दिसलं पाह्यजे. आमच्या औशाची, जळकोटकडची पोरं गोळ्याचं सूत्र पाठ करून राहिलीत, गोळा कुनी बघितला न्हाई." माणसं त्या वयात बरंच बोलतात. मीही तहसीलदार होणार होतो. फरक एवढाच की नईमनं त्याच संध्याकाळी वहीत हॉलचं चित्र काढलं. पायरी किती उंच, फळा किती वर, खिडकी कुठल्या बाजूला... शिंप्याचा पोरगा, मापाशिवाय त्याला काही सुचायचंच नाही.

मग भूकंप झाला. मी तेव्हा लातूरला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. माझी भूकंपाची गोष्ट प्रसिद्ध आहे. घर हललं तसा मी बाहेर पळालो आणि रस्त्यावर आल्यावर बघतो तर बगलेत प्रेशर कुकर, आणि बायको आत. लग्नाला चार महिने झाले होते. ती सावकाश बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "झाकण राह्यलं आत, आनू का?" ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल आणि लोक किती हसले असतील. नईम मात्र हसायचा नाही. तो तेव्हा किल्लारीच्या बाजूला खालेच्या, म्हणजे मावशीच्या, गावी गेला होता. माळवदाचं घर होतं... दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं छत. तो दुपारी ढिगाऱ्याखालून बाहेर निघाला. खाला आणि खालू निघाले नाहीत. एवढंच त्यानं मला एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी त्या विषयावर आला नाही.

त्या वर्षी आमच्याकडं सगळेच अंगणात झोपायचे आणि घरोघरी भांड्यांचे मनोरे असायचे. थाळीत एक गिलास, त्याच्या तोंडावर दुसरा उपडा, त्याच्या बुडावर तिसरा उभा. जरा हादरा बसला की खणाणा आवाज होऊन घरातले जागे व्हायचे. वर्षभरात लोकांनी ते गिलास पुन्हा पाणी प्यायला घेतले. नईमनं घेतले नाहीत. लातुरात त्यानं खोली घेतली ती पत्र्याची. क्लास काढला तो पत्र्याच्या शेडमध्ये. स्लॅबखाली तो जातच नसे. त्याची पत्रं पोस्टात मी टाकायचो. लग्नकार्याला गेला की हार घेऊन मांडवात उभा राहायचा आणि नवरा-नवरीला भेटायला बाहेर बोलवायचा. स्वतःचा निकाहसुद्धा त्यानं उघड्या मैदानात, भर उन्हात करून घेतला. जरीनाभाभी पुढं सांगायच्या, "मला वाटलं लई शौकीन लोक हायेत, मैदान घेतलं. नंतर कळलं शौक कसला हाय ते." शिकवताना टेबलावर थाळी आणि थाळीत चार गिलास. इतरांचे तीन, ह्याचे चार. पोरं त्याला सरांचा मनोरा म्हणायची.

शिकवायचा मात्र असा, की एप्रिलमध्ये पत्रा तापून आत तव्यावर बसल्यासारखं होत असताना पोरं डोक्यावर ओले रुमाल टाकून बसायची, पण उठायची नाहीत. तोवर लातुरात क्लासेसची लाट आली होती. नांदेड, बिलोली, उदगीर, कुठून कुठून पोरं लोखंडी पेट्या घेऊन उतरायची, एका खोलीत सहा-सहा राहायची, डबे खाऊन डॉक्टर व्हायला निघायची. गल्लीगल्लीत तीन-चार मजली इमारती आणि त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. पालक आधी इमारत बघायचे. एक पालक नईमच्या शेडच्या दारात उभं राहून मला विचारते झाले, "सर चांगले हायेत म्हनतात, पन पत्र्याखाली बसून डॉक्टर होतंय का पोरगं?" मी म्हटलं, "अंडीसुद्धा पत्र्याखालीच उबतात." ते गेले ते आलेच नाहीत. माझं हे असं आहे.

अशात बिराजदार सर आले. रसायनशास्त्र शिकवायचे, नाव झालं होतं, आणि नव्या इमारतीचा अख्खा तिसरा मजला त्यांनी घेतला होता. शेडबाहेरच्या बाकड्यावर बसून ते नईमला म्हणाले, "सर, भौतिकला तुमच्यासारखा मानूस न्हाई. भागीदारीत या. मधला मोठा हॉल तुमचा. पायऱ्यांची बाकं बसवू, तुमी म्हनाल तशी." नईम उठला. मग त्यानं आत जाऊन ती जुनी वही आणली. बिराजदारांनी चित्र निरखून बघितलं आणि म्हणाले, "हे तर तयारच हाय की. फक्त वर या."

फक्त वर या... छत्तीस पायऱ्या होत्या. त्या चढायला आम्हाला सव्वा महिना लागला. मी गुरू झालो. मनाची ताकद वाढवायचं एक पुस्तक वाचून त्याला रोज सकाळी आरशासमोर 'मी घाबरत नाही' असं मोठ्यानं म्हणायला लावलं. तिसऱ्या दिवशी जरीनाभाभी म्हणाल्या, "भाईजान, हे ओरडून राहिलेत आनि शेजारचे घाबरून राहिलेत." मग मी त्याला इमारतीच्या पुढच्या सज्ज्याखाली उभं करायला लागलो. आधी एक मिनिट, मग दोन. पुढं जिना. पहिल्या वळणावर त्याचे पाय थांबायचे, अंगातला सदरा भिजून जायचा आणि तो मला म्हणायचा, "काहीतरी बोल. तुझी कुकरची गोष्ट सांग." जी गोष्ट ऐकून तो कधी हसला नाही, ती मी त्या जिन्यात वीस-पंचवीस वेळा सांगितली. एक दिवस तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. हॉलच्या दारात उभं राहून त्यानं त्या पायऱ्यांच्या बाकांकडं बघितलं. मी त्याचा हात सोडला. तो सरळ चालत शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि तिथून खालच्या टेबलाकडं बघत म्हणाला, "दिसून राहिलं, वसंता."

इथंच हे संपलं असतं तर मी ही गोष्ट बैठकीत सांगितली असती.

मनोरा त्यानं बरोबर आणला होता. क्लास सुरू झाला, हॉल भरला, ऐंशी पोरं. पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरचं जनरेटर सुरू झालं आणि गिलास पडले. नईम खडू हातात घेऊन छत्तीस पायऱ्या उतरून रस्त्यावर. दोन दिवसांनी रस्त्यानं रोडरोलर गेला, परत तेच. तिसऱ्यांदा तर पंख्याच्या वाऱ्यानं पडले, आणि या वेळी तो धापा टाकत परत वर आला तेव्हा मागच्या बाकावरून हसू आलं. एकजण हसला, मग सगळा हॉल. नईम फळ्याकडं तोंड करून तास संपेपर्यंत लिहीत राहिला. मी त्या क्लासात दुपारी हजेरी घ्यायचो, घंटा वाजवायचो. बिराजदारांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "पालक विचारून राहिले ओ. अजून एकदा सर पळाले तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. तुमी सांगा त्यांना, मला न्हाई जमायचं."

मी नईमला सांगितलं. त्यानं आपले हात माझ्यापुढं धरले. थरथरत होते. म्हणाला, "माझ्या हातानं रचलेले पडणारच यार. उद्यापासून तू रच. मी यायच्या आधी रचून ठेव, मी शिवणार न्हाई त्याला. तुझ्यावर भरोसा हाय."

रविवार होता. प्रयोगशाळेतला डिंक, दोन नळ्यांतला, काच आणि धातू दोन्हीला चालणारा... एका नळीतला थेंब, दुसऱ्या नळीतला थेंब, काडीनं कालवायचा. चार गिलास एकमेकांना आणि सगळ्यात खालचा थाळीला. दुपारभर मी त्यांच्यासमोर बसून राहिलो. संध्याकाळी वरच्या गिलासाला धरून अख्खी थाळी उचलून बघितली. काय कारागिरी, असं मनाशी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्यानंतर जनरेटर चालू झालं, गिलास पडले नाहीत. रोडरोलर गेला, पडले नाहीत. पहिले काही दिवस तो बोलता बोलता टेबलाकडं बघायचा. मग तासातून दोनदा. मग विसरायला लागला. दिवाळीपर्यंत तो दारापासून लांब, खिडकीच्या बाजूला उभा राहून शिकवायला लागला. एकदा मधल्या सुट्टीत वर गेलो तर हा एकटाच हॉलमध्ये डबा खात बसलेला, तोही वरच्या बाकावर. एक दिवस छताच्या कडीला दोरी बांधून त्यानं लोखंडी गोळा लटकवला, पोरांसमोर नाकाला लावला आणि सोडला. ऐंशी पोरांनी श्वास धरला. गोळा गेला, आला, नाकापाशी थांबून परत गेला. त्या दिवशी जिना उतरताना तो शिट्टी वाजवत होता. मला खात्री पटली की गिलासांचं आता काही काम उरलेलं नाही, हा बरा झालाय. एखाद्या रविवारी डिंक खरवडून काढावा असंही ठरवलं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा... आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची. ते मोकळे गिलास परत पडले तर?

हिवाळ्यातली दुपार. मी हॉलच्या दाराबाहेर स्टुलावर बसून हजेरीपट भरत होतो. स्टूल सरकल्यासारखं झालं. वर बघितलं तर पंखा बंद असून हलत होता. कुठल्याही माणसाला त्या क्षणी एक गोष्ट आधी आठवायला हवी होती. आत ऐंशी पोरं आहेत, माझा मित्र आहे आणि टेबलावरचे गिलास पडणार नाहीत. हे मला, एकट्याला, माहीत होतं. मला पाय आठवले. मी छत्तीस पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो होतो आणि या वेळी बगलेत हजेरीपट होता. सगळी गल्ली बाहेर आली होती. शेजारच्या क्लासांतली पोरं जिन्यातून लोटत होती. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणी येत नव्हतं. मी खालून बघत राहिलो. वर जायला पाहिजे हे मला कळत होतं, पण पाय उचलत नव्हते. उघड्या खिडकीतून नईमचा आवाज मला ऐकू येत होता. शिकवत होता.

काही झालं नाही. हादरा लहान होता, इमारत मजबूत होती, कुठं भेगसुद्धा पडली नाही. तास संपल्यावर पोरं नेहमीसारखी गप्पा मारत उतरली आणि त्यांच्यामागून नईम. इतका खूश मी त्याला निकाहातही बघितला नव्हता. "वसंता, हादरा होता म्हनून पोरं उठायला लागली. मी म्हटलं, बसा, गिलास बघा जागचे हललेत का. बसली सगळी." तळमजल्यावरचा किराणावाला फुटलेल्या बरण्या झाडून काढत होता. नईमचं लक्ष तिकडं गेलं. तो त्या काचांकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं, माझ्या बगलेतल्या हजेरीपटाकडं बघितलं. वळला आणि वर गेला. मी मागोमाग.

त्यानं दोन बोटांनी वरचा गिलास उचलला. त्याच्याबरोबर खालचे तीनही गिलास आणि थाळी उचलली गेली. त्यानं ते हवेत तसंच धरलं आणि मग सावकाश, पडेल की काय अशा बेतानं, टेबलावर ठेवलं.

"ऐंशी लेकरं होती," तो म्हणाला. "उठलेल्यांना मी बसवलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तुझ्यासाठीच केलं, असं काहीतरी.

"तू खाली होतास," तो म्हणाला.

तो पुन्हा त्या जिन्यावर चढला नाही. बिराजदारांनी मिनतवाऱ्या केल्या, मी केल्या, पोरं शेडपर्यंत गेली. त्यानं एकच उत्तर दिलं, माझ्यावर आता माझाच भरोसा न्हाई. त्याची भीतीही पहिल्यासारखी राहिली नव्हती, ते मला फार नंतर कळलं. पहिल्या भीतीशी झगडून त्यानं तिसरा मजला गाठला होता. ही दुसरी, स्वतःचीच होती, आणि हिला धरून चढायला जिनाच नव्हता. शेड बंद करून तो औशाला गेला. घरी बसून क्लासांसाठी नोट्स लिहायचा, दुसऱ्यांच्या नावानं छापल्या जायच्या. आज लातुरात जे भौतिक शिकवतात त्यांतले कित्येक त्याच्याच वाक्यांत शिकवतात आणि त्यांना ते ठाऊक नाही. बिराजदारांचा क्लास पुढं पाच मजली झाला, तिथं वातानुकूलित हॉल झाला, तोही पायऱ्यांचा. उद्घाटनाला नईम आला होता. रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यापाशी उभा राहिला, चहा घेतला आणि औशाची बस पकडली.

दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस मीच औशाला गेलो, त्याच्या अंगणात उभा राहून ओरडलो, "काय मियाँ, आहात का अजून?" तो बाहेर आला, बाज टाकली, भाभींना चहा सांगितला. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी भेटत राहिलो, हसत राहिलो. त्या दुपारबद्दल ना तो बोलला, ना मी. माफी मागायची म्हणून दर वेळी निघायचो आणि तिथं पोचलो की एखादा किस्सा सांगून परत यायचो. मला दुसरं काही येत नाही.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. मी नांदेडहून गेलो तेव्हा तो दवाखान्याच्या आवारात लिंबाखालच्या बाकड्यावर बसला होता, मांडीवर कागदपत्रं. भाभी रडून थकल्या होत्या. जिना समोरच होता. मी म्हटलं, "चल, मी हाय ना संगं. हात धरतो." तो माझ्याकडं बघून हसला. खरंच हसला, टोमणा नव्हता त्यात. "नक्को यार," म्हणाला. "घरी चल." आम्ही त्याला घरी आणलं. गोळ्यांवर त्यानं सात महिने काढले. डॉक्टर म्हणाले होते की वेळेवर वर आला असता तर... मी ते वाक्य पूर्ण ऐकलं नाही. आजही पूर्ण करत नाही.

चाळिसावा झाल्यावर मी औशाला गेलो. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, आतल्या खोलीत त्याची खाट. भाभींनी चहा दिला आणि मी न विचारताच म्हणाल्या, "गिलासांचं मला माहीत हाय भाईजान. त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. लिहिणार असाल तर तेबी लिवा." मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाला तो तेव्हा? त्या म्हणाल्या, "तुम्हाला काई न्हाई म्हटलं. तीन दिवस जेवले न्हाईत, एवढंच."

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. औशाला आल्यावर नईमनं घराच्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. पळायची वेळ आली तर हात कडीशी अडायला नको म्हणून. एवढी वर्षं ते घर नुसतं लोटलेलं असायचं. "आता एकटी असते. पोरगी उदगीरला, ती म्हनते, अम्मी, कडी बसवून घे." कडी त्यांनी आणून ठेवली होती. मी पेचकस घेऊन बसलो. चौकटीवर जुन्या स्क्रूंची भोकं शोधली तर सापडेनात. त्यानं ती रंगाऱ्यांची लांबी भरून, घासून, वरून रंग देऊन अशी बुजवली होती की बोट फिरवल्यावरच कळावं. त्याच्याशेजारी नवी भोकं पाडून मी सहा स्क्रू पिळले. "लावून बघा," म्हटलं आणि बाहेर अंगणात आलो.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. "लागली," भाभी म्हणाल्या. मग खडखड झाली. परत खडखड. नवी कडी, घट्ट बसलेली. "भाईजान... निघत न्हाई ओ."

"घाबरू नका भाभी," मी दाराला हात लावून म्हणालो. "दार जरा स्वतःकडं ओढा आणि कडी वर उचला."  आतून नुसता कडीचा आवाज, जोरात, घाईघाईनं... आणि मी बाहेर, दार ढकलू की सोडू ते न कळून उभा.

कडी निघाली. दार उघडलं तेव्हा भाभींच्या कपाळावर घाम होता. त्या उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या, पदरानं तोंड पुसलं.

"काढून टाका ती," म्हणाल्या.

मी खाली बसलो आणि एकेक स्क्रू काढायला लागलो.